बारा फरश्या

कलेजी उकळायला लागली की वर राखाडी फेस येतो. तो पळीनं काढून टाकावा लागतो, नाहीतर सगळ्या पातेल्याला शिळ्या रक्ताचा वास लागतो. मी कारखान्याच्या कॅन्टीनमध्ये एकतीस वर्षं आचारी होतो. हा फेस मी बादल्या भरभरून काढलाय. तेव्हा मला त्याचं काही वाटलं नाही. आता नुसतं कलेजीचं नाव निघालं तरी घशाशी येतं.

आमच्या कारखान्यात पत्रा ठोकून गाड्यांचे भाग करत. प्रेस चालू झाल्या की कॅन्टीनमधले पेले टेबलावर सरकायचे. पन्नाशीच्या आतच निम्मे कामगार एकमेकांशी ओरडून बोलायचे. कानात घालायला बोळे दिले होते. एका डब्यात सगळ्यांचे एकत्र, कुणाच्या तरी मळानं पिवळे झालेले. तो डबा बघून मला जेवण जायचं नाही. मग एक दिवस आरोग्य विभागाची माणसं आली आणि त्यांनी कॅन्टीनच्या भिंतीवर एक पोस्टर लावलं. गाजरं, मासे आणि पालक रचून केलेला एक मोठा कान. खाली लिहिलं होतं, लोह खा, जस्त खा, मासे खा, मीठ कमी करा, साखर कमी करा, कान सांभाळा. दर बुधवारी 'कानांचं जेवण' करायचा मला हुकूम झाला.

कामगारांनी त्या जेवणाची पार वाट लावली.

"मामा, आज कान तळलाय की उकडलाय?"

"मला दोन वाढा मामा, माझा डावा पूर्ण गेलाय."

"ह्याला नका वाढू. ह्याला ऐकू यायला लागलं तर बायको काय बोलते ते कळेल बिचाऱ्याला."

आणि ताट तसंच खरकट्याच्या पिंपात. बुधवारी ते पिंप दुपारपर्यंत भरायचं. उन्हात त्याला जो वास सुटायचा तो अजून माझ्या नाकात आहे.

पोस्टरवर लिहिलेलं खोटं नव्हतं, हे मला पुढे एका डॉक्टरनं सांगितलं. मशीन तशाच धडाडत ठेवून भिंतीवर गाजराचा कान लावायचा, खोटेपणा त्यात होता. पण मला तेव्हा ते दिसलं नाही. मी त्या पोस्टरवर भाळलो. एकतीस वर्षं लोकांनी मला दोनच गोष्टी सांगितल्या, मीठ जास्त झालं आणि मीठ कमी झालं. माझ्या पळीत जे आहे त्यानं माणसाचं काही दुरुस्त होऊ शकतं, असं मला पहिल्यांदा कुणीतरी सांगत होतं. मी ते पोस्टर वहीत उतरवून घरी नेलं.

कारण घरी माझ्या बायकोला कमी ऐकू यायला लागलं होतं.

ती प्रेसवर कधी गेली नव्हती. घरातच असायची, कपडे शिवायची. तरी तिचे कान जात होते. आधी ती "काय म्हणालात?" असं विचारायची. मग विचारणं बंद झालं आणि ती नुसती हसायला लागली. मी काहीही बोललो की हसून मान हलवायची. मला वाटायचं, म्हातारपणी बाई गोड झाली.

आमची मुलगी ठकी, लग्न होऊन गावातच दुसऱ्या टोकाला राहते, ती म्हणाली, "बाबा, आईला कानाच्या डॉक्टरकडे न्या." ही पण एकदा म्हणाली, "अहो, न्या ना एकदा. यंत्र लावतात म्हणे हल्ली."

मी म्हणालो, "यंत्र शेवटी. आधी आतून सुधारू. सहा महिने दे मला."

ते सहा महिने दोन वर्षं चालले.

सकाळी उठल्याबरोबर भोपळ्याच्या बिया, मग पालकाचा कच्चा रस. तो रस पेल्यात थोडा वेळ राहिला की वर हिरवी साय धरायची आणि खाली गाळ. आठवड्यातून तीनदा कलेजी, दोनदा मासे. मीठ जवळजवळ बंद, साखर बंद. तिला कलेजीची मनापासून किळस होती. लग्नाआधीपासून. ती तुकडा तोंडात घालायची, नाक दाबायची आणि डोळे मिटून चावायची. डोळ्यांतून पाणी यायचं. मी समोर उभा.

"गिळ."

"गिळतेय."

"चावून गिळ. नुसती ढकलू नकोस."

एकदा तिला मोरीपर्यंत पोचताही आलं नाही, भांडी घासायच्या सिंकमध्येच सगळं बाहेर आलं. मी सिंक धुतलं, तिला चूळ भरायला लावली आणि दुसरी वाटी वाढली. मला तेव्हा वाटलं मी खंबीरपणे वागतोय. ती दुसरी वाटी आठवली की मला माझ्या हातांची घाण वाटते.

दर रविवारी मी तिची परीक्षा घ्यायचो. कॅन्टीनमधून आणलेला एक लांब चिमटा आहे माझ्याकडे, मिटला की टक् आवाज होतो. तिला स्वयंपाकघरात खुर्चीवर पाठमोरी बसवायचं. मी मागे उभा राहून चिमटा वाजवायचा. ऐकू आला की तिनं बोट वर करायचं. मग एक फरशी मागे. पुन्हा टक्. स्वयंपाकघरातून बोळात, बोळातून बाहेरच्या दारापर्यंत. जिथून ऐकू येईनासं होईल ती फरशी वहीत लिहायची.

पहिल्या रविवारी तीन फरश्या. दोन महिन्यांनी चार. वर्षाअखेरीस सात. दुसऱ्या वर्षी ती बारा फरश्यांवर पोचली, म्हणजे माझी पाठ बाहेरच्या दाराला टेकली. मला इतका आनंद झाला की मी कलेजी तीन दिवसांवरून एका दिवसावर आणली. ती टाळी वाजवून हसली. मी वहीत बारा आकडा लिहून त्याभोवती गोल केला. कॅन्टीनमध्ये ती वही सगळ्यांना दाखवली. ठकीलाही दाखवली.

त्यानंतर तीन महिन्यांनी हिच्या फुप्फुसात पाणी झालं. सहा दिवस दवाखान्यात होती आणि गेली. त्याला आता आठ महिने झाले.

ठकीला तेव्हा दिवस गेलेले होते. बाळ झालं, मुलगा, आजीनं बघितलाच नाही. जावई मोठा ट्रक चालवतात, पंधरा पंधरा दिवस बाहेर. सासूबाई जवळच दुसऱ्या मुलाकडे राहतात. मी निवृत्त. म्हणून मीच दुपारचा डबा घेऊन ठकीकडे जायला लागलो. बाळ अंगावर पिणारं, म्हणून तिला पौष्टिक. दोन बाळंतपणं झालेल्या बायकांना विचारून नव्हे, माझ्या वहीप्रमाणे.

मागच्या महिन्यात एका दुपारी मी तिच्या इमारतीच्या जिन्यात शिरलो आणि बाळाचं रडणं ऐकू आलं. ती तिसऱ्या मजल्यावर. पहिल्या मजल्यावर शेजारीण दारात उभी होती. म्हणाली, "केव्हाचं रडतंय हो तुमचं पोर. मी दोनदा बेल वाजवून आले. घरात कुणी नाही वाटतं."

माझ्याकडे किल्ली होती. मी आत गेलो. बाळ आतल्या खोलीत खाटेवर. त्यानं दूध ओकलं होतं आणि त्यातच तोंड घासून घासून ते गालाला, कानाला, केसांना चिकटलं होतं. आंबट वास. दुपट्याखाली बाकीचंही झालं होतं, मानेपर्यंत पसरलेलं. रडून रडून त्याचा आवाज बसला होता, नुसती घरघर येत होती. मी त्याला उचललं, तर माझा सगळा शर्ट भरला.

ठकी स्वयंपाकघरात होती. माझ्याकडे पाठ करून ओट्याशी उभी. नाक दाबून पालकाचा रस पीत होती. मध्ये एक दार, तेही उघडं.

मी तिच्या खांद्याला हात लावला तेव्हा ती दचकली. पेला सांडला.

"अगं, हे बघ काय!"

"अरे देवा! आत्ताच तर झोपला होता."

"आत्ता? खालची बाई दोनदा बेल वाजवून गेली."

"मिक्सर चालू होता, बाबा."

मिक्सर धुऊन उपडा घातलेला होता. आम्ही दोघांनी बाळाला धुतलं. ती त्याच्या कानातलं ओकलेलं बोटानं काढत होती आणि पुटपुटत होती, "मिक्सर चालू होता रे राजा, मिक्सर चालू होता."

कुणाही शहाण्या माणसानं त्या क्षणी तिला डॉक्टरकडे नेलं असतं. मला काय सुचलं? मला वाटलं, आईचं दुखणं हिच्यात आलं, आणि औषध तर आपल्याकडे लिहून ठेवलेलं आहे. तीन फरश्यांची बारा केलीत आपण. मी तिला बाळासकट माझ्या घरी घेऊन आलो आणि म्हणालो, "दोन महिने राहा. बारा फरश्यांवर नेऊन सोडतो तुला."

ती मुकाट्यानं आली. तिनं फक्त एवढंच विचारलं, "सासूबाईंना काही सांगणार नाही ना?"

"काय सांगायचंय त्यात? अशक्तपणा आहे म्हणू."

पुन्हा माझं पातेलं चढलं. पुन्हा राखाडी फेस. ठकी आईपेक्षा तापट, ती बोलून दाखवायची. "बाबा, हे बूट शिजवल्यासारखं लागतंय." "बाबा, हे मी खाल्लं तर दुधाला वास येईल, पोर तोंड लावायचं नाही." मी ऐकलं नाही. आठव्या दिवशी रविवार आला. मी आईची खुर्ची स्वयंपाकघरात तिच्या नेहमीच्या जागी ठेवली आणि चिमटा घेतला.

ठकी बसली. मी एक फरशी मागे. टक्. बोट वर. दोन. टक्. बोट वर. तीन, चार, पाच. माझं काळीज हलकं होत चाललं. आठ दिवसांत पाच! मी सहाव्या फरशीवर गेलो. तिथे बोळाच्या तोंडाशी बाळाचा पाळणा होता. मी चिमटा वर धरला, मिटायला लागलो आणि बाळानं अंग हलवलं. ते जागं होईल म्हणून मी चिमटा मध्येच थांबवला. टोकं एकमेकांना लागलीच नाहीत. आवाज झालाच नाही.

ठकीनं बोट वर केलं.

मी सातव्या फरशीवर गेलो. मुद्दाम चिमटा उघडला आणि हळूच मिटत आणला, न वाजवता.

बोट वर.

आठव्यावर नुसता हात वर नेला आणि चिमटा हलवलाच नाही. बोट वर नाही. तिथेच थोडा मिटला, तसं वर झालं.

मी तिच्या बाजूला येऊन खाली वाकलो, तिच्या डोळ्यांच्या उंचीवर. समोर ओव्हन होता. कॅन्टीनची सवय, मी त्याचं काळं काचेचं दार रोज व्हिनेगरनं पुसतो, डाग राहू देत नाही. त्या दारात सगळं स्वयंपाकघर दिसत होतं आणि त्यामागे बोळ, अगदी बाहेरच्या दारापर्यंत. दारावरच्या तावदानातून उजेड येत होता. तिथे उभा राहिलेला माणूस त्यात स्पष्ट दिसला असता. हातातल्या चिमट्यासकट.

"कधीपासून?" मी विचारलं.

ती माझ्या तोंडाकडे बघत होती. मला आत्ता कळलं की ती हल्ली नेहमी माझ्या तोंडाकडेच बघते.

"आईनं सांगितलं होतं," ती म्हणाली. "बाबांनी चिमटा मिटला की बोट वर करायचं. दर दोन-तीन महिन्यांनी एक फरशी वाढवायची, एकदम नाही, नाहीतर त्यांना संशय येईल. ती हसत होती सांगताना. म्हणाली, बारावर पोचले की एक तरी जेवण सुखानं होईल."

"तिला किती ऐकू येत होतं?"

"चिमटा? कधीच नाही, बाबा."

मी सिंककडे गेलो. नळ सोडून हात चोळचोळून धुतले.

त्या बारा फरश्या मी एके ठिकाणी वापरल्या होत्या. ते मी ठकीला तोवर सांगितलं नव्हतं. त्या दिवशी सांगितलं, समोर बसून, सावकाश, तिला माझे ओठ दिसतील असं.

दवाखान्यात हिला घातलं तेव्हा तिथल्या सिस्टरनं विचारलं होतं, "आजींना नीट ऐकू येतं ना?" त्या सगळ्या तोंडावर मास्क लावून बोलत. मी छाती पुढे काढून म्हणालो, "उत्तम. बारा फरश्यांवरून चिमटा ऐकू येतो." त्या हसल्या आणि कागदावर तसं लिहिलं. मग सहा दिवस डॉक्टर, सिस्टर, सगळे मास्कमधून तिला विचारत होते. दुखतंय का आजी? छातीत कळ येते का? ती हसून मान हलवायची. सगळे म्हणायचे किती गुणी पेशंट आहे, काही तक्रार नाही. चौथ्या दिवशी एका सिस्टरनं बघितलं की हिनं खाटेचा गज धरून ठेवलाय आणि बोटं पांढरी पडलीत. तेव्हा त्यांनी दुखण्याचं औषध दिलं. चार दिवस तिनं ते सोसलं. तिला कुणी विचारलंच नाही असं तिला वाटलं असणार. आणि मी बाजूच्या स्टुलावर बसून म्हणत होतो, "सांगा तिला, ती ऐकते सगळं."

ठकी रडली नाही. तिच्या नाकपुड्या फुगल्या.

"आणि तुम्ही तिला तिथे काय भरवत होता?"

"सूप."

"कसलं?"

मी गॅसवरच्या पातेल्याकडे बघितलं. तिला ते माहीतच होतं.

"शी," ती म्हणाली. बस्स, एवढंच.

मग मी म्हणालो, "उद्या डॉक्टरकडे जायचं."

"नको."

"का नको? मी आता चिमटा घरातसुद्धा ठेवणार नाही, फेकून देतो."

"चिमट्याचं नाही, बाबा. डॉक्टरनं लिहून दिलं की संपलं. सासूबाई पहिल्यापासून म्हणतात, हिची आई बहिरी, लक्ष ठेवा. मी बहिरी ठरले की पोर त्या माझ्याजवळ ठेवतील? ह्यांना फोन करून सांगतील, बहिरीच्या हातात पोर नको. आणि हे आईच्या शब्दाबाहेर नाहीत. मला बोट वर करता येतंय तोवर करू दे."

"आणि पोर ओकारीत पडलं की?"

ती उठली, पाळण्याकडे गेली आणि बाळाच्या पोटावर हात ठेवून उभी राहिली. तिथूनच म्हणाली, "किती वाजता उघडतो दवाखाना?"

कानाच्या डॉक्टर बाई होत्या, चाळिशीच्या, तोंडावरचा मास्क काढून बोलणाऱ्या. त्यांनी ठकीला एका लहान खोलीत बसवून कानांवर हेडफोनसारखे गोळे लावले आणि तपासलं. मी बाहेर बाळाला घेऊन. मग आम्हाला समोर बसवून त्या तिच्याकडे बघून बोलायला लागल्या, माझ्याकडे नाही.

"दोन्ही कानांना कमी ऐकू येतंय. आत एक हाड असतं, तांदळाच्या दाण्याहून लहान. आवाज आला की ते हलायला हवं. तुझं घट्ट होत चाललंय, असं दिसतंय. घराण्यात असतं कधी कधी, आणि बाळंतपणानंतर वाढल्याचंही आम्ही बघतो. घरात कुणाला होतं?"

"आईला," ठकी म्हणाली.

"त्यांची तपासणी कधी झाली होती?"

ठकीनं माझ्याकडे बघितलं.

"मी केली होती," मी म्हणालो.

"तुम्ही? कशानं?"

"चिमट्यानं."

त्या हसल्या असत्या तर बरं झालं असतं. त्या हसल्या नाहीत.

मी त्यांना सगळं सांगितलं. पोस्टर, कलेजी, पालक, वही. त्या म्हणाल्या, "पोस्टर खोटं नव्हतं, मामा. हिचं रक्त कमी दिसतंय, ते भरून काढायलाच हवं. कानालाही रक्त लागतं. पोटात सकस जात नसेल, साखर किंवा रक्तदाब वाढलेला असेल, तर कानावर परिणाम होतो. नीट खाणाऱ्याचे कान टिकायला मदत होते. पण घट्ट झालेलं हाड अन्नानं सुटत नाही. त्याला यंत्र आहे, नाहीतर ऑपरेशन आहे."

"आणि हिच्या आईला?"

"न तपासता कसं सांगू?" त्यांनी पेन खाली ठेवलं. "पण हेच असेल तर यंत्रानं चांगलं ऐकू आलं असतं. बहुतेक पहिल्याच दिवशी."

बाळ माझ्या मांडीवर होतं. मी त्याच्या टोपीची नाडी बांधली, सोडली, परत बांधली.

यंत्र मिळायला पंधरा दिवस लागणार होते. तोवर बाळाला एकटं खोलीत ठेवायचं नाही, स्वतःच्या खाटेला लागून झोपवायचं, बेलला दिवा जोडून घ्यायचा, असं बरंच त्यांनी कागदावर लिहून दिलं. ठकीनं विचारलं, "रक्तासाठी कलेजीच खायला हवी का?"

"गोळ्या देते. कलेजी आवडत असेल तरच खा."

"आवडत नाही," ठकी म्हणाली. इतक्या जोरात, की बाहेरची माणसं आत डोकावली.

घरी आल्यावर ती चप्पलही न काढता खुर्चीत बसली. म्हणाली, "सासूबाईंना फोन लावा."

"आत्ताच कशाला? यंत्र येऊ दे. तोवर अशक्तपणा आहे असं मी त्यांना..."

"परत, बाबा?"

तिनं एवढंच म्हटलं. मी फोन लावला.

फोनवरचं तिला नीट कळत नाही, आवाज सगळा पीठ झाल्यासारखा येतो म्हणाली. म्हणून तिनं आधी एका दमात स्वतःचं सांगून टाकलं. "सासूबाई, मी बोलतेय. मला दोन्ही कानांनी कमी ऐकू येतं. आजचं नाही, बाळ पोटात असल्यापासून. मी लपवलं. त्या दिवशी बाळ अर्धा तास रडत होतं आणि मला कळलं नाही. आज डॉक्टरला दाखवलं. यंत्र लागणार आहे. आता तुम्ही बोला. मी फोन बाबांकडे देते, ते मला तोंडावर सांगतील." आणि फोन माझ्या हातात दिला.

मग सासूबाई सुटल्या. मी ऐकत होतो आणि ठकी माझ्या तोंडाकडे बघत होती.

"काय म्हणाल्या?"

"म्हणाल्या, मला संशय होताच."

"पुढे?"

"म्हणाल्या, अर्धा तास रडत होता, त्याला काही झालं असतं तर?"

"बरोबर आहे म्हणावं. पुढे?"

"म्हणाल्या, बहिरीच्या हातात माझा नातू ठेवणार नाही. उद्या सकाळी येऊन त्याला घेऊन जाते."

ठकीनं बाळाला एका मांडीवरून दुसऱ्या मांडीवर घेतलं. तिचा चेहरा लाल झाला होता. "या म्हणावं. खुशाल या. पण त्याचं दूध कुठून नेणार ते विचारा."

मी विचारलं. पलीकडून जे आलं ते मी सांगायच्या लायकीचं नव्हतं, तरी सांगितलं. ठकी हसली. "तोंड चांगलं आहे त्यांचं. त्यांना सांगा, राहायला या. पंधरा दिवस राहा. बाळ आपल्या दोघींच्या मध्ये झोपेल, तुम्ही ऐका, मी उठते. पण बाळ घरातून जाणार नाही. ह्यांनाही मीच सांगणार आहे, त्यांनी सांगायची गरज नाही."

मी सगळं सांगितलं. सासूबाई आवाज खाली आणून, मलाच सांगितल्यासारखं, एक वाक्य बोलल्या.

मी फोन कानाला तसाच धरून थांबलो. ठकीला हे कशाला सांगायचं, असं मला वाटलं. मी ओठ मिटून घेतले.

"तुम्ही थांबलात," ठकी म्हणाली. "त्या काहीतरी म्हणाल्या. सांगा."

"काही विशेष नाही गं."

"बाबा."

मी तिच्यासमोर नीट वळलो. "म्हणाल्या, आईसारखीच निघाली."

बाळानं तिच्या पदराचं टोक तोंडात घातलं होतं, ते तिनं सोडवून घेतलं.

"नाही म्हणावं," ती म्हणाली. "आई गप्प बसली."

मी ते जसंच्या तसं फोनमध्ये सांगितलं.